खुर्ची डावीकडे

सिल्स्डन, वेस्ट यॉर्कशायर
८ फेब्रुवारी १९८७

प्रिय हर्बर्ट,

नाताळचं कार्ड पोचलं. नेहमीसारखी त्यात तुझी सही होती आणि सहीच्या वर कोरा कागद. त्यावरून तू ठणठणीत आहेस असं धरून चालतो. इथे सगळं ठीक. थंडी आहे, पण फेब्रुवारीत नाही तर कधी असणार. गिरणीच्या इमारतीत आता गालिच्यांचं दुकान निघालंय. जिथे बाबा चाळीस वर्षं यंत्रमागांच्या पोटात डोकं घालून बसायचे, तिथे आता एक तरुण मुलगी उभी असते आणि सोफ्याचा रंग कोणता म्हणून विचारते. एनिड मुद्दाम आत जाऊन आली. काही घेतलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. मला बाबांच्या मोटरसायकलला खुर्ची लावायची आहे.

हे वाचून तू चष्मा काढून टेबलावर ठेवला असशील. बाबांच्या दफनानंतर सगळे चहाला बसले होते, तेव्हा तू हातातलं सँडविच माझ्या छातीवर रोखून म्हणाला होतास, "आर्नल्ड, ही गाडी बाबांनी ठेवली तशीच राहील. एक बोल्टही इकडचा तिकडे व्हायचा नाही." मी म्हणालो होतो, "गाडी माझ्या शेडमध्ये आहे, बोल्टही माझेच." त्यावर तू बोट पकडून तुझ्या बेटावर गेलास आणि नंतरची सात वर्षं आपण कार्डांवर भागवली. क्लबच्या मासिकातलं तुझं 'मूळ ते मूळ' हे सदर मी न चुकता वाचतो. जुन्या गाड्यांत फेरफार करणाऱ्यांना तू लोहार म्हणतोस. तर हा लोहार तुझ्याच दारात काम घेऊन आलाय. पुढचं चाक धरणाऱ्या या जातीच्या फोर्कच्या पट्ट्या तुझ्यासारख्या बनवणारा दुसरा कुणी मला माहीत नाही, आणि शोधायची इच्छाही नाही.

शेजारचा सिडनी तुला आठवत असेल, तोच तो, तोंड उघडलं की मिटायचं विसरणारा. त्याच्या शेडमध्ये एक जुनी खुर्ची धूळ खात पडली होती. त्याची सून तिला साइडकार म्हणते. मी म्हटलं, बाई, हे शब्द दुकानदारांचे. चालवणारे खुर्चीच म्हणतात. काल सिडनीने ती जोडून पाहिली. जोडली गेली, पण गाडी वळेना. हँडल धरून दोघांनी ढकलावं तेव्हा कुठे चाक तोंड फिरवतं, अडलेल्या गाढवासारखं.

मग बाबांनी शिकवलं तसं शेडच्या फरशीवर खडूने मोजलं. हँडलच्या नळीला लांब काठी लावली, तिची रेघ जमिनीला टेकली तिथे एक खूण. चाकाच्या आसातून ओळंबा सोडला, तिथे दुसरी. दोन खुणांमधलं अंतर, म्हणजे माग, जवळजवळ चार इंच भरला. खुर्ची नसताना हाच माग गाडीला सरळ धरून ठेवतो, पण खुर्ची लावली की तो हातांशी भांडतो. तो निम्म्यावर आणायला हवा. फ्रेम कापायची नाही, वेल्डिंग करायचं नाही. फोर्क ज्या चार पट्ट्यांनी फ्रेमच्या डोक्याला अडकतो, त्यातल्या खालच्या दोन तेवढ्या लांब हव्यात. तिथे चार सूत, म्हणजे अर्धा इंच, वाढवलं की खाली चाक जवळजवळ दोन इंच पुढे जातं, हे मी तुला शिकवायला नको.

आणखी एक. हँडल तीन इंच मागे आणि सीट दोन इंच खाली घ्यायचा विचार आहे. त्या बेताने हँडलची थरथर रोखणाऱ्या डँपरची मूठ कुठे येईल तेही बघ.

खुर्ची कशाला, असं विचारशील. एनिडचे गुडघे मागच्या सीटवर चढताना कुरकुरतात. मेमध्ये क्लबची व्हिटबीची सफर आहे, तोवर झालं तर बरं.

जुन्या पट्ट्या तेलाच्या फडक्यात बांधून शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवीन. हवं तेव्हा खुर्ची काढायची, पट्ट्या बदलायच्या, गाडी होती तशी. एका दुपारचं काम आहे. एवढ्यासाठी पुन्हा सात वर्षं रुसू नकोस.

तुझा धाकटा,
आर्नल्ड


सिल्स्डन
३ मार्च १९८७

प्रिय हर्बर्ट,

तुझं पत्र मिळालं. सात वर्षांतलं पहिलं. 'प्रिय' सोडला तर त्यात एकही गोड शब्द नाही. वाचून बरं वाटलं, म्हटलं माणूस बदललेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

'बाबांची गाडी दूध घालायची गाडी नव्हे' हे वाक्य मी एनिडला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, दूधवाला निदान रोज दारात तरी येतो." हे मी लिहिणार नव्हतो, पण ती मागे उभी आहे.

पुढचं मात्र मी मोठ्याने वाचलं नाही. तू लिहिलंयस: 'हँडल तीन इंच मागे, सीट दोन इंच खाली. तू सहा फुटांचा गडी. धुण्यात आखडलास की काय? हे माप तुझं नाही. आर्नल्ड, ताकाला येऊन भांडं लपवू नकोस.'

लपवत होतो. माप एनिडचं आहे. तिचे गुडघे उत्तम आहेत. गाडी ती चालवणार आहे आणि खुर्चीत मी बसणार आहे.

गेल्या उन्हाळ्यात पेट्रोल भरायला थांबलो आणि डावा पाय टेकवला. म्हणजे टेकवला असं मला वाटलं. पाय जागेवर नव्हता. बाबांची गाडी माझ्या अंगावर आणि मी पंपवाल्याच्या बादलीवर. गाडीला ओरखडा नाही, घाबरू नकोस. मग पुन्हा एकदा तसंच झालं, मग जिन्यावर. लीड्सच्या डॉक्टरांनी सुया टोचून, विजेचे झटके देऊन पाहिलं आणि एक लांबलचक नाव सांगितलं. मी ते लिहीत नाही. स्पेलिंग येत नाही आणि शिकायची हौसही नाही. पायापासून सुरू होतं, वर सरकत जातं, मागे फिरत नाही, एवढं कळलं. किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एनिडने परतीच्या बसमध्ये फक्त एवढंच विचारलं, "रात्री अंडी चालतील का?"

मग घरी नर्स यायला लागली. चांगली पोर आहे, आयरिश आहे, बोलते भराभरा. एक दिवस माझा हात धरून, आवाज अगदी मऊ करून म्हणाली, "मिस्टर मिजली, तुम्हाला आता खुर्चीचा विचार करायला हवा."

मी म्हणालो, "केलाय की. सिडनीकडे एक आहे."

"अरे वा! मग घरात आणली का?"

"घरात कशाला? शेडमध्ये आहे. डावीकडे लावणार."

ती गोंधळली. "डावीकडे? कशाच्या डावीकडे?"

"मग काय उजवीकडे? तुम्ही आयर्लंडात उजवीकडे लावता?"

"आम्ही... आम्ही तिच्यात माणूस बसवतो, मिस्टर मिजली."

"आम्हीपण माणूसच बसवतो," मी म्हणालो, "कधीकधी कुत्रा." तेवढ्यात स्वयंपाकघरातून एनिडचा आवाज आला. आधी मला वाटलं ती हसतेय. हसत होतीही. पण मी आत डोकावून पाहिलं तर ती सिंकला धरून उभी होती आणि दोन्ही गोष्टी एकदम चालल्या होत्या. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं की नर्स कोणत्या खुर्चीबद्दल बोलतेय.

जन्मभर एका शब्दाचा एकच अर्थ घेतला की असं होतं. आता घरात दोन खुर्च्या आहेत. चाकांची आली परवा, राखाडी, सरकारी. ती एनिडला आवडत नाही. दुसरी आम्ही हिरवी रंगवली.

एनिड गाडी चालवणार म्हणून हसू नकोस. एकोणीस वर्षांची असताना ती एका छोट्या टू-स्ट्रोकवर गिरणीत यायची, केसांना रुमाल बांधून. मी तिच्याआधी तिच्या गाडीचा आवाज ओळखायला लागलो होतो. परवाना तिने अजून जपून ठेवलाय. "तू मला चाळीस वर्षं मागे बसवलंस," ती म्हणाली, "आता तू बस, आणि वळणावर सूचना देऊ नकोस."

पण हँडल तिला झेपत नाही, हर्बर्ट. गिरणीच्या मागच्या आवारात पहिल्यांदा नेली तेव्हा खुर्ची रिकामी होती. तिने जिवाच्या आकांताने डावीकडे हँडल ओढलं आणि खुर्ची हवेत. सिडनी बोंबलत सुटला. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बटाट्यांची दोन पोती टाकली, तेव्हा चाक जमिनीवर राहिलं. पण चार फेऱ्यांत तिचे दंड थरथरायला लागले. खाली उतरून म्हणाली, "तुझे बाबा ही गाडी चालवायचे की हिच्याशी कुस्ती खेळायचे?" रात्री तिला चहाचा कप दोन हातांनी धरावा लागला. मी तिच्याकडे न बघता बातम्या पाहत राहिलो.

मला व्हिटबीला जायचंय. बाबांच्या गाडीवरून जायचंय, एनिड चालवत असताना जायचंय, आणि याच मेमध्ये जायचंय. पुढच्या मेबद्दल मी बोलत नाही. मला दया नको, थोरल्या. खालच्या दोन पट्ट्या हव्यात.

आर्नल्ड


सिल्स्डन
२ एप्रिल १९८७

प्रिय हर्बर्ट,

तुझी दोन पोस्टकार्डं मिळाली. पहिल्यावर एक ओळ, 'पट्टीच्या दोन भोकांमधलं अंतर कळव.' कळवलं. मग दुसरं: 'चूक. परत मोज. कारखान्याने या गाडीला दोनच मापं दिली, एक सोलोचं, एक खुर्चीचं. तुझं माप दोन्हींत बसत नाही. सोलोपेक्षा एक सूत कमी आहे. चष्मा बदल.'

माझ्या आजाराबद्दल एक अक्षर नाही. आभारी आहे. इथे सगळे फार गोड बोलायला लागलेत, कंटाळा आलाय.

चष्मा बदलला नाही. सिडनीला सांगून पट्ट्या सोडवल्या. मी चाकांच्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होतो आणि तो वीस मिनिटं एका नटाशी भांडत होता. पट्ट्या हातात आल्या, पुसल्या, पुन्हा मोजल्या. माप बरोबर आहे. एक सूत कमी.

मग उलटून पाहिल्या. आतल्या बाजूला, जी फोर्ककडे वळलेली असते आणि कधीच दिसत नाही, तिथे तीन टिंबं आहेत. दोन वर, एक खाली.

तुला सांगायला नको, पण तरी सांगतो. गिरणीत बाबा जो भाग स्वतः घडवायचे त्यावर ते पंचने ही तीन टिंबं मारायचे, म्हणजे मोडला तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळावं. हर्बर्ट, या पट्ट्या कारखान्याच्या नाहीत. बाबांच्या आहेत.

मी आठवड्यापासून याच विचारात आहे. तुला आठवतं, आपण लहान असताना गाडीला खुर्ची होती. तू आणि मी आत, आई मागच्या सीटवर. पुढे आपण वाढलो आणि आई खुर्चीत बसायला लागली. म्हणजे कारखान्यातून गाडी आली ती खुर्चीच्या पट्ट्या घेऊनच. तू लष्करातून इजिप्तला गेलास तेव्हा खुर्ची होती. परत आलास तेव्हा ती परसात होती आणि तिच्यात कोंबड्या. तू विचारलंस, "खुर्चीचं काय झालं?" तर बाबा म्हणाले, "अंडी देते." तू हसलास. आई गेली तेव्हा तुला रजा मिळाली नव्हती. मधलं तुला कुणी सांगितलं नाही, कारण आपल्या घरात कुणी काही सांगायचं नाही.

मी चौदा वर्षांचा होतो. आई गेल्यानंतर बाबा कामाला जायला लागले ते खुर्चीसकट. एका संध्याकाळी कीथ्लीच्या रस्त्यावरून आले ते चिखलाने माखून, कोपर फुटलेलं. मी विचारलं तर म्हणाले, "रिकामी खुर्ची डावीकडे वळू देत नाही." बास. त्या रविवारी त्यांनी शेडचं दार आतून लावून घेतलं. दिवसभर कानशीचा आवाज येत होता. मी जेवायला हाक मारली, ते आले नाहीत. सोमवारी खुर्ची परसात होती.

पण एक गोष्ट कळत नव्हती. सोलोचं माप त्यांना ठाऊक होतं, मग एक सूत आणखी कमी का केलं? त्यांचा हात चुकणारा नव्हता. काल अंथरुणात पडल्या पडल्या लक्षात आलं. पट्टी आखूड म्हणजे माग जास्त. वळायला जड, पण हात सैल सोडला तरी गाडी आपली सरळ जाते. त्या दिवसांत त्यांना गाडीकडून तेवढंच हवं असेल. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते कानशीने घासून काढलं. मला रडू आलं, हे सिडनीला सांगू नकोस.

तर तुझ्या 'मूळ ते मूळ'चं असं झालंय. तू ज्याला हात लावू देत नव्हतास ते मूळ नव्हतंच. मूळ खुर्ची होती. आता तुझ्या तत्त्वाला कुठेही धक्का न लावता तू मला खुर्चीच्या पट्ट्या बनवून देऊ शकतोस. मासिकात याबद्दल लिहिलंस तर लोहार कोण, तेही लिही.

जुन्या पट्ट्या खिळ्यावर टांगल्यात. गाडी विटांवर उभी आहे. लवकर कर.

आर्नल्ड


सिल्स्डन
२६ एप्रिल १९८७

थोरल्या,

पेटी आली. अक्षर वाकडं आहे, चालवून घे, पेन हल्ली मनाला येईल तसं जातं.

तू पेटीत पत्र ठेवलंच नाहीस, पट्टीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलीस. 'कारखान्याच्या खुर्चीच्या मापापेक्षा एक सूत जास्त. एनिडच्या हातांसाठी. डँपर अर्धा फेरा घट्ट ठेवा, नाहीतर सावकाश चालताना हँडल थरथरेल.'

एक सूत बाबांनी काढलं, एक सूत तू घातलंस. मी एनिडला दाखवलं. तिने चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात घातली आणि परत दिली नाही.

सिडनीने पट्ट्या बसवल्या. माग दोन इंचांच्या आत आला. गिरणीच्या आवारात बटाट्यांसकट तिने पहिली फेरी मारली आणि डँपर घट्ट करायला अर्थातच सिडनी विसरला होता. हँडल असं फडफडलं की एनिड ओरडली, "हे शिवणाचं मशीन झालंय!" अर्धा फेरा फिरवला, थांबलं. मग बटाटे काढले आणि मला ठेवलं.

हर्बर्ट, तिने ती गाडी कोपऱ्यावर दोन बोटांनी वळवली. मी म्हणालो, "जरा सावकाश, पुढे खड्डा—" तर तिने एका हाताने हँडल धरलं आणि दुसऱ्या हाताने मला गप्प बसायची खूण केली.

व्हिटबी सतरा मेला. तू येणार नाहीस हे मला माहीत आहे, बोट लागते तुला, दुकान आहे, वगैरे. फक्त कळवतोय.

आर्नल्ड


सिल्स्डन
२१ मे १९८७

प्रिय हर्बर्ट,

हे अक्षर सिडनीचं आहे, शब्द माझे आहेत. त्याला बजावलंय की मी म्हणेन तेच लिहायचं आणि स्वतःची मतं घुसडायची नाहीत. (मी घुसडत नाही. सि.) बघ.

एनिड बहिणीकडे गेली आहे, संध्याकाळपर्यंत येणार नाही. म्हणून आजच लिहून घेतोय. पेन मला धरता येत नाही आता, हे तू व्हिटबीत पाहिलंसच.

आधी त्या दिवसाबद्दल. पठारावरून येताना वारा एवढा होता की माझी टोपी गेली, ती आता बहुधा डेन्मार्कात असेल. स्लाइट्सच्या उताराच्या वर एनिडने ब्रेक दाबला, गाडीने उजवीकडे ओढ घेतली, तिने सावरलं. मी एक शब्द बोललो नाही, हे लिहून ठेव. आणि उताराच्या तोंडाशी, तुझ्या सोलोला टेकून, हात मागे बांधून तू उभा. मला वाटलं मला भास होतोय. औषधांनी होतात म्हणे.

सात वर्षांनी भाऊ भेटतो आणि पहिलं वाक्य काय, तर, "माग किती भरला?"

एनिड इंजिन बंद करत म्हणाली, "मीही बरी आहे, हर्बर्ट."

तू तिची माफी मागितलीस. तुला माफी मागताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. (मीपण. सि.)

बंदरावर सिडनी आणि क्लबच्या दोघांनी मला हिरव्या खुर्चीतून उचलून राखाडी खुर्चीत ठेवलं, तेव्हा तू पाठ फिरवलीस आणि फोर्क तपासायला वाकलास. त्या फोर्कमध्ये तपासण्यासारखं काही नव्हतं. बरं केलंस. उभा राहून बघत बसला असतास तर मला सहन झालं नसतं, तुलाही नाही. मग तू मासे-बटाट्यांचा पुडा आणलास, माझ्या मांडीवर ठेवलास आणि बोलता बोलता माशाचे तुकडे करत गेलास, माझ्या हाताजवळ सरकवत गेलास. बोलत होतास तू क्लबच्या वर्गणीबद्दल. आई आपल्याला असेच तुकडे करून द्यायची, तिलाही भलतंच काहीतरी बोलायची सवय होती. मला फार बरं वाटलं, हर्बर्ट. हे तुझ्या तोंडावर बोललो नाही, म्हणून इथे सांगतो.

आता कामाचं.

या पत्राबरोबर जे जड पुडकं आहे त्यात बाबांच्या पट्ट्या आहेत. मी लिहिलं होतं, खिळ्यावर टांगून ठेवीन, हवं तेव्हा परत बसवीन. तेव्हा मी खोटं लिहीत होतो आणि मला ते माहीत होतं. आता त्या खिळ्यापर्यंत माझा हातही जात नाही. एनिड मात्र रोज शेडमध्ये जाते, गाडी पुसते आणि त्या पुडक्याकडे बघत राहते. ते तिच्या डोळ्यांसमोर नको.

तिला मी जेवढा ओळखतो तेवढं दुसरं कुणी ओळखत नाही. ती गाडी सोडणार नाही. माझं झालं की पाहुणे जातील, भांडी धुऊन होतील, आणि पहिल्या मोकळ्या रविवारी ती शेड उघडेल. आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागायचं तर डावीकडेच वळावं लागतं. दुसरा रस्ता नाही. लोक सांगतील, खुर्चीत बटाटे भर. ती भरेलही. पण मी बसायचो तिथे तिने बटाटे भरावेत हे मला नको आहे, आणि रिकामी खुर्ची घेऊन तर तिने कोपरासुद्धा ओलांडू नये. बाबांचं फुटलेलं कोपर मी पुसलंय.

तेव्हा तू ये. बोट लागते हे कारण आता चालणार नाही, तुला येता येतं हे मी पाहिलंय. तिने बोलवायची वाट बघू नकोस, ती बोलावणार नाही. खुर्ची काढ, सिडनीला दे. (माझ्याकडे कोंबड्या आहेत. सि.) मग बाबांच्या पट्ट्या बसव. सीट तिच्या उंचीला खाली आहेच, हँडलही तिच्या हाताशी आहे. खुर्ची गेली की जड लागणार नाही तिला, आणि नाहीतरी ती माझ्यापेक्षा नेहमीच बरी चालवायची.

तुला वाटेल, सोलोच लावायची तर कारखान्याच्या मापाची नवी पट्टी बनवून टाकू, हलकी वळेल. बनवू नकोस. ते एक सूत कमीच राहू दे. एनिडलाही थोडे दिवस गाडी नुसती सरळ जायला हवी असेल.

पट्ट्यांना महिन्यातून एकदा तेल लाव.

तुझा, डावीकडच्या खुर्चीतला,
आर्नल्ड

(सही त्याने स्वतः केली आहे. मी फक्त कागद धरला. सि.)